सलाईनवरची गाडी

माझं काम होतं लोकांच्या गाडीत बसून बाटलीकडे बघणं. घरचंही केलं, पण ते सगळ्याच बायका करतात, त्यावर कोणी दिवाळी अंकात लेख मागत नाही. बाटलीचा मागितला, म्हणून लिहिते.

निमित्त झालं माझ्या भाच्याचं. त्याने मोठी हायब्रिड गाडी घेतली. थोडी पेट्रोलवर, थोडी बॅटरीवर. उंच इतकी, की मला चढवायला शोरूमवाल्यांनी स्टूल आणलं. तिथला मुलगा सांगत होता, गाडी सिग्नलला उभी राहिली की इंजिन आपोआप बंद होतं. मी विचारलं, "बाटली कुठे लावायची?"

"कसली बाटली, आजी?"

भाचा हसला. "मावशी, आता बाटली लागत नाही. हे बघा, इथे समोरच अ‍ॅव्हरेज लिहून येतं."

"कोण लिहितं?"

"गाडीच लिहिते."

म्हणजे जो पितो त्यानेच सांगायचं, किती प्यालो. साध्या गाडीपेक्षा हिला किती जास्त मोजले ते भाच्याने अभिमानाने सांगितलं. मी विचारलं, वाचलेल्या पेट्रोलमधून तेवढे पैसे परत कधी निघणार? तो म्हणाला, "निघतील की. गाडी विकायच्या आत निघतील." आम्ही ज्यांच्या गाड्यांना बाटल्या लावल्या त्यांचा हिशेबही असाच असायचा. माणूस मोठी गाडी घेताना डोळे मिटून घेतो आणि घेतल्यावर डोळे वटारून थेंब मोजतो.

सातपूरला आमचं डिझेल पंपाचं वर्कशॉप होतं. पंप म्हणजे रस्त्यावरचा नव्हे. डिझेल इंजिनाला एक छोटा पंप असतो, तो डिझेल दाबून इंजिनात फवारतो. तो बिघडला की गाडी काळा धूर सोडते आणि जास्त पिते. आमचे हे तो पंप खोलून, धुऊन, परत बसवून द्यायचे. हात चांगला होता त्यांचा. पण पंप बाहेरून आधी जसा दिसतो तसाच नंतर दिसतो. काम झालं हे गिऱ्हाइकाला पटवायचं कसं?

त्यासाठी बाटली. टाकीतून इंजिनाकडे जाणारी नळी काढायची आणि ती लिटरभर डिझेल भरलेल्या बाटलीत सोडायची. इंजिन थोडं डिझेल परतही पाठवतं, ती नळीही बाटलीतच सोडायची. नाहीतर गाडी मोजलेलं डिझेल गुपचूप टाकीत जमा करते. मग गाडी रस्त्याला लावायची आणि बाटली संपून ती बंद पडेपर्यंत चालवायची. जिथे बंद पडली तिथवरचं अंतर म्हणजे तिचं अ‍ॅव्हरेज. बाटली काचेची, सलाईनची असायची. तिच्यावर रेघा असतात आणि टांगायला कडी असते. एका दवाखान्याच्या मागून आणायचो, धुऊन.

सुरुवातीला आमचा कारागीर बाटलीशेजारी बसायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, हा तुमचा माणूस आहे. मग गिऱ्हाइकाचा माणूस बसवला. तेव्हा आमचे हे म्हणायचे, त्याने वाटेत सांडलं. एक दिवस यावरून दोघे एकमेकांच्या अंगावर गेले. मी जेवणाचा डबा घेऊन आले होते. गिऱ्हाईक माझ्याकडे बघून म्हणालं, "या बाईंना बसवा. यांना तुमचंही काही पडलेलं दिसत नाही न माझंही." खरं होतं ते. डबा ठेवला आणि बसले. त्या दिवसापासून ते काम माझ्या गळ्यात पडलं ते पडलं. माझी चौथी झालेली आहे. बाटलीवरच्या रेघा वाचायला तेवढी पुरते.

आम्ही त्र्यंबकच्या रस्त्याला जायचो. मोठी गाडी वाटेतल्या पहिल्या गावाला, बेळगाव ढग्यालाच बंद पडली तर तिच्यात काहीतरी मोठं बिघडलंय. महिरावणीपर्यंत गेली तर ठीक. अंजनेरीचा डोंगर जवळ दिसायला लागला तर मालकाने पेढे वाटावेत. वर्कशॉपमध्ये आकडे कोणी बोलतच नसे. "ती पांढरी जीप? महिरावणीची आहे." एवढं पुरायचं. त्र्यंबकपर्यंत एकही गाडी गेली नाही. इतकी वर्षं मी त्र्यंबकच्या रस्त्याला गेले आणि प्रत्येक वेळी अर्ध्यातून परत आले. लोक विचारतात, देवदर्शन घडलं असेल रोज. नाही घडलं.

याच बाटलीवर एकदा एका माणसाची रोजीरोटी टांगली गेली. ते सांगायचं आहे. पण आधी गिऱ्हाइकं कशी असायची ते कळायला हवं, नाहीतर मी थापा मारते असं वाटेल.

एक डॉक्टर होते, गंगापूर रोडचे. त्यांनी टेस्टच्या आधी गाडीतली स्टेपनी काढली, जॅक काढला, मागची सीट काढली, गणपतीची पितळी मूर्ती काढली. मग माझ्याकडे वळून बघत राहिले. म्हणाले, "मावशी, राग मानू नका. तुमचं वजन किती?"

मी म्हटलं, "तुम्ही डॉक्टर आहात. अंदाज करा."

"जेवण झालंय?"

"झालंय."

"अरेरे," डॉक्टर म्हणाले.

टेस्टला ते स्वतः आले नाहीत. आपलंही वजन वाचवलं. गाडी महिरावणीला गेली. ड्रायव्हरने फोनवर सांगितलं तर म्हणाले, परत कर, बाईंना उपाशीपोटी घेऊन जा.

बाटली मी बसते त्या बाजूला, दाराच्या वरच्या कडीला टांगलेली असायची. आत पिवळसर डिझेल आणि खाली लोंबणाऱ्या नळ्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, पेशंट आहे. लोक वाट द्यायचे. मोटारसायकली बाजूला व्हायच्या. एकदा सातपूरच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षातली बाई वाकून हळू आवाजात म्हणाली, "काय झालंय हो त्यांना?" मागे गिऱ्हाईक झोपलं होतं, तोंड उघडं टाकून.

मी म्हटलं, "पितात फार."

"आई गं," ती म्हणाली आणि चुकचुकली. खोटं काहीच नव्हतं त्यात. मी गाडीचं बोलत होते.

सटाण्याकडचा एक कांद्याचा व्यापारी होता. त्याची गाडी बेळगाव ढग्याच्याही अलीकडे बंद पडली. उतरला, गाडीच्या भोवती एक चक्कर मारली, कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "हाई गाडी शे का हत्ती शे?" मग त्याने मला विचारलं, उतारावर इंजिन बंद करून चालवली तर? मी म्हटलं, ब्रेक दगडासारखा होईल आणि तू पण. त्याला ते पटलं नाही. असे फार होते. गाडीला पैसे मोजताना हात थरथरला नाही, आणि उतार दिसला की चावी फिरवायचे.

आता भाऊसाहेबांचं सांगते.

भाऊसाहेब पिंपळगाव बसवंतचे. द्राक्षवाले. माल बाहेर देशात जायला लागला आणि त्यांनी आठ माणसांची मोठी गाडी घेतली. एसी पुढे आणि मागेही. भाऊसाहेबांना ट्रॅक्टर यायचा, पण ही गाडी चालवायची भीती वाटायची. म्हणून ड्रायव्हर ठेवला, मोतीराम. मोतीराम पेठकडचा, डोंगरातला. द्राक्षाच्या छाटणीला मजूर म्हणून आला, ट्रॅक्टर शिकला, मग गाडी. मळ्यातच एक खोली दिलेली होती. तिथे बायको आणि मुलगी. मुलगी पिंपळगावच्या शाळेत जायची. नोकरी म्हणजे खोली, आणि खोली म्हणजे शाळा, असं सगळं एकाच खुंटीला होतं.

उन्हाळ्यात एका सकाळी दोघे आमच्याकडे आले. मोतीराम गाडीतून उतरला आणि खाली बघत उभा राहिला. भाऊसाहेबांनी सगळ्या कारागिरांसमोर, चहावाल्यासमोर, आलेल्या दोन गिऱ्हाइकांसमोर आवाज चढवला.

"टाकी भरली की चार दिवसांत रिकामी. कुठे जातं डिझेल? आज बाटली लावा. गाडी पीत असेल तर पंप करा, मी पैसे देतो. गाडी पीत नसेल, तर हा चोर आहे. आजच्या आज खोली खाली करायला लावतो."

आमचे हे म्हणाले, "भाऊसाहेब, जरा सावकाश—"

"सावकाश काय? चोराला चोर म्हणतोय."

मोतीराम म्हणाला, "मी थेंब नाय घेतला." एवढंच. परत खाली बघायला लागला.

मी बाटली टांगली. मोतीराम चालवायला, मी शेजारी, भाऊसाहेब मागे. निघालो. मी टेस्टमध्ये बोलत नाही. पण पहिल्या पाच मिनिटांतच मला कळलं की घोटाळा होणार. मोतीराम गाडी फार चांगली चालवत होता. गिअर टाकल्याचं कळत नव्हतं. पुढचा ट्रक कधी थांबणार हे ट्रकवाल्याच्या आधी याला कळायचं, आणि तो पाय अलगद उचलायचा. बेळगाव ढगा गेलं. बाटली भरलेलीच. असं चालवणाऱ्याच्या हाताखाली म्हैससुद्धा अ‍ॅव्हरेज देईल. आणि जितकं अ‍ॅव्हरेज चांगलं, तितका हा चोर.

मागे भाऊसाहेबांचं वेगळंच चाललं होतं. ते पुढे वाकून बाटली बघत होते.

"महिरावणी गेली?"

"गेली," मी म्हटलं.

"आणि बाटलीत अजून एवढं?" ते खूश झाले. मांडीवर थाप मारली. "वा! बघा, लोक मला हसत होते गाडी घेतली तेव्हा. वा रे माझी गाडी!" मग एकदम आठवलं. "म्हणजे हरामखोरा, तू विकतोस!"

थोडं पुढे गेलो. "अजून चालतेय? एक नंबर! एक नंबर गाडी!" आणि परत, "किती विकलंस आजपर्यंत? बोल!"

असे ते एका मिनिटात लग्नातही असायचे आणि मयतीतही. मला राहवलं नाही. मी हळूच मोतीरामला म्हटलं, "जरा पाय दाब की रे."

तो म्हणाला, "गाडीला त्रास होतो, मावशी."

अंजनेरीचा डोंगर समोर आला, मोठा झाला, त्यावरची झाडं वेगळी वेगळी दिसायला लागली, तेव्हा गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. इतक्या लांब कुठलीच मोठी गाडी आली नव्हती. आमच्या वर्कशॉपने पंप न खोलता केलेलं हे सगळ्यात उत्तम काम.

भाऊसाहेब खाली उतरले. गाडीच्या बॉनेटवर प्रेमाने हात फिरवला. मग दार उघडून मोतीरामला म्हणाले, "उतर. इथूनच पेठला जा. चालत जा."

मी म्हटलं, "जाईल तो. पण डिझेल गाडी कोरडी पडली की नळ्यांत हवा भरते. ती काढल्याशिवाय चालू होत नाही. कोण काढणार? तुम्ही?"

भाऊसाहेबांनी बॉनेटकडे पाहिलं. मग मोतीरामकडे. "आधी हवा काढ. मग जा."

मोतीरामने टाकीची नळी परत जोडली, पान्याने नट सैल केला, हाताने पंप मारत बसला. बुडबुडे येत राहिले. कामावरून काढलेला माणूस उन्हात घाम गाळतोय आणि काढणारा त्याच्यावर सावली पडेल असा उभा, कारण आत काय चाललंय ते त्यालाही बघायचं होतं. गाडी चालू झाली. भाऊसाहेब मागे बसले. मग लक्षात आलं की चालवणार कोण.

"पिंपळगावपर्यंत चालव," ते म्हणाले, "मग जा."

मी गाडीत चढताना मागच्या सीटच्या खाचेत काहीतरी पांढरं दिसलं. बोटाने काढलं. लसणाची सालं. आणखी खुपसलं तर आणखी निघाली. सुपारीचं खांड निघालं. एका चष्म्याची काडी निघाली. भाऊसाहेब चष्मा लावत नव्हते आणि लसूण तर नक्कीच सोलत नव्हते. मी मुठीत धरलं आणि पुढे बसले.

भाऊसाहेबांना डुलकी लागल्यावर मी मूठ उघडून मोतीरामला दाखवली. "कोणाचं हे?"

त्याचा चेहरा पडला. "मावशी, मी शब्द दिला हाय. नाय सांगायचा."

"खोली जाईल तुझी."

"शब्द दिला हाय," तो परत म्हणाला.

असल्या माणसांचं काय करावं कळत नाही. सातपूर आलं. वर्कशॉपसमोर गाडी थांबली. मी उतरले नाही. आमचे हे बाहेर येऊन म्हणाले, "काय झालं?"

"बाटली फक्त चालत्या गाडीचं सांगते," मी म्हटलं. "उभ्या गाडीचं सांगत नाही. मी पिंपळगावला जाऊन येते. भात फडताळात आहे."

दुपारी मळ्यात पोचलो. घर मोठं, शेजारी द्राक्षं भरायचं पॅकहाऊस, आणि त्याला लागून तिन्ही बाजूंनी मोकळी पत्र्याची शेड. गाडी तिथे लावली. तेव्हा खेड्यांत उन्हाळ्यात दुपारभर लाइट नसायची. पत्रा असा तापला होता की त्याच्याकडे बघवत नव्हतं. भाऊसाहेब पॅकहाऊसमध्ये गेले, मोतीराम सामान बांधायला खोलीत गेला. मला चहा कोणी विचारला नाही. मी गाडीतच बसून राहिले.

थोड्या वेळाने गाडीचं मागचं दार उघडलं. एक म्हातारी आत चढली. हातात ताट, ताटात लसूण. तिच्यामागे दुसरी, तिच्याकडे मेथीची जुडी. मग तिसरी. अशा सहाजणी चढल्या, रोज ठरल्या जागी बसतात तशा बसल्या. माझ्याकडे कोणी फार लक्ष दिलं नाही. ताटवाली म्हणाली, "बाई, तुम्ही कोणाकडच्या? असू द्या, बसा. दार लावा." आणि खिडकीतून ओरडली, "मोत्या! ए मोत्या! लाव रे लवकर, जीव चालला!"

मोतीराम आला. हातात गाठोडं. "आई, आज नको."

"का रे? डिझेल तुझ्या बापाचं हाय का?"

तो पुढे बसला, चावी फिरवली. इंजिन सुरू झालं आणि मागून, पुढून, सगळीकडून गार हवा यायला लागली. इतकी वर्षं मी मोठ्या गाड्यांत बसत आले, पण टेस्टला एसी बंद ठेवतात. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की लोक या गाड्यांना एवढे पैसे का मोजतात. मला लगेच उतरून सगळं सांगायला हवं होतं. मी थोडा वेळ बसले. मेथीही थोडी निवडली.

ताटवाली म्हणजे गिरजाआई, भाऊसाहेबांची आई. बाकीच्या वस्तीवरच्या. इंजिन चालू, एसी चालू, आणि गाडी जागच्या जागी. रोज दुपारी, लाइट येईपर्यंत.

"घरात सांगून का बसत नाही?" मी विचारलं.

दुसरी म्हातारी खुदकन हसली. "सांगेल कशी? गाडी आली तवा हिनं सगळ्या पाहुण्यांसमोर शपथ घेतलीय. ह्या हत्तीत मी पाय ठेवणार नाय म्हणून. वणीच्या गडाला पोरानं किती बोलावलं, ही एस्टीनं गेली."

"मग आता?"

"गाडीत बसून मी कुठं गेले का?" गिरजाआई म्हणाली. "जाणार नाय म्हणले होते. जागची हलले नाय. शपथ मोडली कुठं?"

मी मेथी खाली ठेवली. "तुमच्या मुलाने याला आज सातपूरला चार माणसांत चोर म्हटलंय. डिझेल चोरतो म्हणून. हा खोली खाली करून चाललाय. ते गाठोडं कशाचं वाटलं तुम्हाला?"

गिरजाआई मोतीरामच्या पाठीकडे बघत होती.

"मोत्या, तू सांगितलं का नाय?"

"तुम्हीच म्हणालात, सांगू नको."

"अरे, पण असं झाल्यावर तरी!"

"असं झालं तर सांग, असं तुम्ही म्हणाला नव्हता," मोतीराम म्हणाला.

गिरजाआईने लसणाची एक पाकळी सोलली. मग दुसरी सोलली. मी म्हटलं, "तुम्हाला बोलावं लागेल."

"माझी मान खाली जाईल, बाई. वर्षभर ऐकवेल तो मला."

"याची मुलगी शाळेतून जाईल."

तिने तिसरी पाकळी घेतली, पण सोलली नाही. तेवढ्यात मागचं दार बाहेरून उघडलं. इंजिनाचा आवाज ऐकून भाऊसाहेब आले होते. मोतीराम गाडी घेऊन पळतोय असं त्यांना वाटलं असावं, हातात द्राक्ष कापायची कात्री होती. आत त्यांनी बघितलं. आई, पाच शेजारणी, मी, लसूण, मेथी. बाहेरची झळ आत यायला लागली.

"दार लाव," गिरजाआई म्हणाली. "गारवा जातोय."

भाऊसाहेबांनी दार लावलं. लावून बाहेर उभे राहिले. मग परत उघडलं. "आई, कधीपासून?"

"लाइट जायला लागली तवापासून."

"रोज?"

"लाइट रोजच जाते."

भाऊसाहेब माझ्याकडे वळले. माणूस हरवला की ओळखीचं काहीतरी धरतो, तसं त्यांनी विचारलं, "मावशी, मग याचं अ‍ॅव्हरेज किती धरायचं?"

"उभ्या गाडीला अ‍ॅव्हरेज नसतं," मी म्हटलं. "ती नुसती पिते. आता याला काय ते बोला."

भाऊसाहेब मोतीरामच्या खिडकीशी गेले. शर्टाला कात्री पुसली. म्हणाले, "बरं, ठेव ते गाठोडं. झालं गेलं."

मला वाटलं, संपलं. मोतीरामने एसीचं बटण थोडं कमी केलं, काच खाली घेतली आणि म्हणाला, "नाय भाऊसाहेब. चोर तुम्ही इथं नाय म्हणाला. सातपूरला म्हणाला. कारागीर होते, चहावाला होता. तिथं जाऊन परत बोला. नायतर मी चाललो पेठला."

एवढं सलग बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं. भाऊसाहेब लाल झाले. "नोकराने मला अटी घालायच्या?"

"मंग दुसरा ड्रायव्हर बघा."

"अरे, पण सातपूरला जायचं तर गाडी—" भाऊसाहेब बोलता बोलता थांबले. सातपूरला जायचं तर त्यालाच चालवावं लागणार होतं. आणि न जायचं तर उद्यापासून गाडी शेडमध्ये उभी, एसी लावायलाही कोणी नाही. हे दुसरं मागच्या सीटवर आधी कळलं.

"चल रे," गिरजाआई मुलाला म्हणाली. "जाऊन ये."

"तू सांगणार का तिथे, की तू बसत होतीस?" भाऊसाहेबांनी विचारलं. "मी एकटाच जाऊन तोंड दाखवू का?"

म्हातारीने ताट मांडीवर नीट ठेवलं. पदर सारखा केला. बाकीच्या पाचजणी तिच्याकडे बघत होत्या. "पाहुणे कोणी बघत नाय ना इथं?"

"कोणी नाय," पाचही म्हणाल्या.

"मंग हलव," ती मोतीरामला म्हणाली.

तर अशी ती शपथ मोडली. उतरायला कोणी तयार झालं नाही, कारण बाहेर ऊन होतं. भाऊसाहेब मागच्या बाकावर दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये, मांडीवर मेथीची जुडी घेऊन बसले. कात्री त्यांच्याकडून काढून घेतली, वाटेत कोणाला लागू नये म्हणून. नाशिकपर्यंत कोणी त्यांच्याशी बोललं नाही. गिरजाआई मात्र बोलत होती. हा पूल कधी झाला, ही द्राक्षं कोणाची, हा रस्ताच एवढा गुळगुळीत आहे, का गाडी चांगली आहे. शेवटचं हळू बोलली, पण भाऊसाहेबांनी ऐकलं.

सातपूरला वर्कशॉपसमोर गाडी थांबली. आमचे हे बाहेर आले. कारागीर आले. चहावाला किटली घेऊन उभाच होता. मोतीरामने गाडी बंद केली नाही, म्हाताऱ्यांनी करू दिली नाही. भाऊसाहेब मेथी बाजूला ठेवून उतरले. मोतीराम स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसला. दार बंद, काचा बंद, फक्त गिरजाआईच्या बाजूची काच बोटभर खाली.

भाऊसाहेब खाकरले. जमिनीकडे बघून म्हणाले, "सकाळी मी जे बोललो, ते चूक होतं. मोतीराम चोर नाही. डिझेल घरातच... आमच्या आईने..." आणि थांबले.

बोटभर काचेतून आवाज आला, "मोठ्यानं बोल. मागच्यांना ऐकू आलं नाय."

त्यांनी मोठ्याने सांगितलं, सगळं, एसीसकट. रस्त्यावरचे दोन जण थांबून ऐकायला लागले.

मग मोतीरामने चावी फिरवली आणि गाडी बंद केली. "चहा घ्या, भाऊसाहेब," तो म्हणाला, "मंग घरी जाऊ."